पहिली पेटी

गुरवाने पेटीचं झाकण उघडलं, तरी देवळात वास दरवळला नाही. द्वारकाबाईंच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. हंगामातली पहिली आंब्याची पेटी त्यांच्या बागेतून देवाला यायची, हा सासऱ्यांपासूनचा मान होता.

यंदा थंडी पडलीच नाही. उशिरा आलेला मोहोर माघातल्याच उन्हाने करपला आणि सगळं गाव कपाळाला हात लावून बसलं. "खाडीकडच्या कलमांका आंबे धरलेत," असं उदय म्हणाला, तेव्हा लेकाच्या त्या शब्दावर द्वारकाबाई गावभर नाक वर करून फिरल्या होत्या.

त्यांनी एक आंबा उचलून देठाशी हुंगला. माल परमुलखातला होता. पेटीवर मात्र ठसठशीत छापलेलं होतं, 'द्वारकाबाईंची बाग'.

"ह्यो आंबो खयचो रे?"

पेटी घेऊन आलेल्या उदयने मान खाली घातली. "आये, झाडार एक फळ नाय. मुंबयची गिऱ्हाइकां तुझ्या नावार आंबे घेतत. ती तुटली तर परत येवची नाय."

"म्हणून माका गावभर मिरवू दिलंस? आणि देव? तो पण तुझा गिऱ्हाईकच काय?"

द्वारकाबाईंनी सगळे आंबे उदयच्या पायाशी ओतले. मग रिकामी पेटी, नावाची बाजू पुढे करून, देवासमोर ठेवली.

"गुरवा, घाल गाऱ्हाणं," त्या म्हणाल्या. "यंदा माझ्या बागेत इतक्याच पिकला."