अग्निहोत्राची राख

“अग्निहोत्राची राख केरात जाऊ द्यायची नाही, झाडाच्या बुडाशी घालायची,” असं सासूबाईंनी सांगितलं होतं. बारा वर्षं मी रोज ओंजळभर राख सोनचाफ्याला घातली. यंदा त्याची पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या. तेव्हा अकोल्याला शेतकी शिकलेल्या भाच्याला, स्वानंदला, बोलावलं.

“मामी, आपल्या अमरावतीच्या मातीत आधीच चुनखडी, त्यात तुमची राख. मातीत लोह असूनही झाडाला घेता येत नाही. ताट वाढलंय अन् बिचाऱ्याचं तोंड बांधून ठेवलंय तुम्ही.”

त्याने लोहाची पुडी पाण्यात कालवली. पाणी कुंकवासारखं लाल झालं. “आता हे वाहा. नवी पालवी हिरवी येईल.”

मग तो फाटकाबाहेर डोकावला. “समोरच्या दुर्गाबाईंची बकुळही पिवळी दिसतेय. त्यांच्याकडेही अग्निहोत्र असतं का?”

“नाही रे,” मी हळूच म्हणाले. “त्यांना मीच देते. पवित्र वस्तू एकटीने कशी ठेवायची?”

पोटभर हसून झाल्यावर, दुर्गाबाईंना हे सगळं मीच सांगेन, असं त्याने माझ्याकडून वदवून घेतलं. तेही आजच, कारण वाळत चाललेलं ते बकुळीचं झाड त्या उद्या तोडणार होत्या.

दुसरी पुडी पदराखाली धरून मी त्यांचं फाटक उघडलं.

“या ताई,” दुर्गाबाई डोळे पुसत म्हणाल्या. “तुमची राख होती म्हनून इतके दिवस तरी जगलं हे झाड.”