ठमीचे टाके

माझं स्तनाचं ऑपरेशन झालं, त्याच वर्षी आमच्या ठमी कुत्रीच्या आचळाशी गाठ निघाली. प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "ही गाठ बायकांच्या कॅन्सरसारखीच वागते. काढल्यावर तुकडा अभ्यासाला पाठवू. हिच्याकडून बायकांसाठी खूप शिकायला मिळतं."

ऑपरेशन करून घरी आली आणि ठमीने हॉलच्या मधोमध, पंख्याखाली, चारी पाय वर करून टाक्यांचं पोट उघडं टाकलं. लाज ना लज्जा!

रविवारी माझ्या नणंदबाई आल्या. ब्रामध्ये घालायचा स्पंज मला त्यांनीच आणून दिला होता. "एक बाजू सपाट दिसते गं, लोक बघतात." तो मेला दिवसभर टोचायचा, तरी मी निमूट घालत होते.

ठमीला बघून त्यांनी नाक मुरडलं. "अगं, टाक हिच्या अंगावर काहीतरी. चारचौघांत बरं दिसतं का?"

ठमीने एक डोळा उघडून त्यांच्याकडे बघितलं आणि होती त्याहून ऐसपैस पसरली.

मी चहा ठेवायला आत गेले. जाताजाता ठमीपुढे काहीतरी टाकलं.

कप घेऊन बाहेर येते तर नणंदबाई पाय वर घेऊन खुर्चीत बसलेल्या. "शी! तोंडात धरून काय झटकतेय ही?"



"तुम्ही आणलेला स्पंज, वन्सं. डॉक्टर म्हणाले होतेच, हिच्याकडून शिकण्यासारखं खूप आहे. साखर एकच चमचा ना?"