नागपूर ते पुणे, दीड तास

"ओट्यावर दोन कप कसे? कोण आलं होतं?"

दोन्ही कप तिचेच होते. पण नागपूरच्या विमानतळावरून नवरा व्हिडिओ कॉलवर ओरडतच होता. तो रोज असाच तिला फोन घेऊन घरभर फिरवायचा. "पुण्यात उतरू दे, दुसरा हातही मोडतो तुझा!"

विमानाला दीड तास. तेवढा वेळ त्याचा फोन बंद. प्लॅस्टरमधला हात सावरत तिनं चाकणला धाकट्या भावाला फोन लावला आणि पहिल्यांदाच सगळं सांगितलं.

विमान उतरताच कॉल आला. "फिरव कॅमेरा!"

तिनं फिरवला. स्वयंपाकघर रिकामं, बेडरूम रिकामी. सोफ्यावर भाऊ बसला होता. ज्या पट्ट्यानं ती मार खायची, तो त्यानं मुठीला गुंडाळला होता, बक्कल बाहेर ठेवून.

"दुसरा कप माझा," तो म्हणाला. "या दाजी, वाट बघतोय."