हलकी कवचं

युसूफ वडगावच्या शिवारात वैजिनाथआप्पा किराणावाले खड्ड्यात मांडी घालून बसले होते. लिंगायताला बसवूनच पुरतात, त्यामुळं ते दुकानात बसल्यासारखेच दिसत होते. फक्त कुणाला काय पाहिजे ते विचारत नव्हते.

वर त्यांचा मुलगा बसवेश ब्लेडनं मिठाच्या पुड्या फोडत होता. विधीला आलेल्या स्वामींनी पोतंभर खडेमीठ सांगितलं होतं. दुकानात किलोच्या पुड्याच होत्या.

"आयोडीनचं हाय, चालतंय का?"

"चालतंय," स्वामी म्हणाले. "आता गलगंड तरी व्हायचा न्हाई."

कुणी हसलं नाही. स्वामीही हसले नाहीत. ते मनापासून बोलले होते.

थोरली लेक कावेरी सकाळीच गोव्याहून पोचली होती. समुद्रतळाच्या गाळातली, डोळ्याला दिसणार नाहीत अशी कवचं तोलायची तिची नोकरी. दर रविवारी आप्पा फोनवर विचारायचे, "आज किती भरली?" जुन्या गाळातली जड, आत्ताची हलकी, असं ती सांगायची. जन्मभर तराजू धरलेले आप्पा खवळायचे. "मापात कुणीतरी मारतंय बघ." आखितीला, अक्षय्य तृतीयेला, सूक्ष्मदर्शक आणून दाखवते, असं तिनं कबूल केलं होतं. आखितीला अजून नऊ दिवस होते.

तिनं पर्समधून करंगळीएवढी काचेची बाटली काढली.

"स्वामी, हे आप्पांच्या हातात ठेवायचंय."

"काय हाय?"

"कवचं. समुद्रातल्या बारीक जिवांची."

"जिते हायत?"

"न्हाई. मरून दहा हजार वर्षं झाली."

"बसवून पुरलेत का आडवे?"

कावेरीनं प्रश्नाचा नीट विचार केला. "पुरत न्हाई कुणी. मेले की आपोआप खाली जातात. तळाला टेकायला आठवडा लागतो."

"आन काम काय करत्यात?"

"आपला धूर समुद्र गिळतो. त्यातला थोडा हे अंगाभोवती बांधून घेतात आणि मरताना खाली घेऊन जातात."

"मग आता हलके कावून झाले?"

"धूर लई झाला. पाणी बिघडलं. कवच जाड धरत न्हाई, धरलेलं विरघळतं." तिनं बाटली पुढं केली. "हे त्याच्या आधीचे हायत. ह्यांच्यात खोट न्हाई."

स्वामींनी बाटली उन्हात धरून बघितली. त्यांना काहीच दिसलं नाही, पण मान डोलावली.

"काच न्हाई चालणार. बाकीचं चालतंय."

खड्ड्याच्या काठावर बसलेली आई, शिवकांता, सकाळपासून पहिल्यांदाच बोलली. "मातीत टिकतील का गं ते?"

"पाणी न्हाई लागलं तर."

शिवकांतानं आटलेल्या विहिरीकडं बघितलं, मग ओढ्याकडं. ओढ्यात शेळ्या बसल्या होत्या.

"मग टिकतील," ती म्हणाली.

कावेरी खड्ड्यात उतरली. आप्पांच्या डाव्या तळहातावर लिंग होतं. उजव्यावर तिनं बाटली उपडी केली. कपाळावरच्या विभूतीपेक्षाही कमी, चिमूटभर पांढरं पडलं. तिनं त्यांची बोटं मिटवली. ती मिटेनात. वारा आला तसा तिनं आपल्या दोन्ही हातांनी तो हात झाकला.

"टाका," स्वामी म्हणाले.

मीठ आप्पांच्या मांडीवर आलं. मग तिच्या मनगटांवर.

"अक्का," बसवेश वरून हळू म्हणाला, "सोड आता."

"सांडतील."

"अक्का, लोक थांबलेत."

"थांबू दे."

बसवेशनं स्वामींकडं बघितलं. स्वामी शेळ्यांकडं बघत होते. त्यानं पुढची पुडी फोडली, गुडघ्यावर वाकला आणि तिच्या हातांना वळसा घालून मीठ ओतू लागला.