उघडा कोनाडा

गॅसवर दूध ठेवून मोरेश्वर स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालत होता. "सुलभा, चहात आलं घालू का गं?" असं विचारून बराच वेळ झाला होता, आणि फडताळावरची पेटी अजून गप्पच होती.

गेल्या वर्षी सुलभा वारली, तेव्हापासून तिचं मन त्या कुलूपबंद पेटीत चालत होतं. पेटी बनवणाऱ्या कंपनीलाही आत डोकावता येत नसे. प्रत्येक उत्तरासाठी पेटी आतल्या थोड्या जागेचं कुलूप काढी, आणि तोवर सुलभाला थांबून राहावं लागे.

मोरेश्वरला आता धीर धरवेना. त्यानं कंपनीला फोन लावला. "सगळी कुलपं काढा. ती लगेच बोलली पाहिजे."

"काका, मग काकूंच्या मनातलं आम्हालाही दिसेल," फोनवरची मुलगी म्हणाली. "थांबायला सवडच नसेल अशा वेळेसाठी काकूंनी पेटीत एक कोनाडा आधीच बिनकुलपाचा, उघडा ठेवलाय की."

"दोन शब्द मावतात त्यात! अन् आजवर त्यातून एकही आला नाही. काढा तुम्ही..."

"अहो, दूध!"

पेटी ओरडली होती. मोरेश्वरनं धावत जाऊन गॅस बंद केला. दूध ओट्यावर आलंच होतं.

"एवढी एकच उघडी जागा, ती दुधासाठी ठेवलीस?"

तो ओटा पुसू लागला. पुसून फडकं पिळलं, तेव्हा कुठे उत्तर आलं.

"तुम्ही हात भाजून घ्याल म्हणून ठेवली. बाकीचं आपल्या दोघांतलं, ते लोकांना कशाला? आणि आलं घाला."

"राहू द्या कुलपं," तो फोनवर म्हणाला, आणि आलं किसायला घेतलं.