कुलूप नसलेली किल्ली

"किती येळ हुबं करायलेत! भालकीच्या बसलाबी एवढं थांबावं लागत न्हाई," हैदराबादच्या विमानतळावर रांगेत मागं उभा असलेला जावई पुटपुटला.

बाणूबाईंचं लक्ष आपल्या मुठीकडं. मुठीत जुनी लोखंडी किल्ली. तिचं कुलूप कधीच मोडून गेलेलं, पण चक्कर आली की हातात लोखंड असावं लागतं. हातपाय ताठले, तोंडाला फेस आला, तरी निर्णा गावातल्या घरात सगळे त्या दुखण्याला चक्करच म्हणायचे. खरं नाव जावयाच्या कानावर गेलं तर लेक कायमची माघारी यायची, ही धास्ती. लेकीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं, पण मुंबईच्या डॉक्टरनं तिला प्रवासच नको म्हटलं, म्हणून जावई सासूला न्यायला आलेला.

तपासणीच्या पडद्याआड पोलीसबाईनं मूठ उघडायला लावली आणि किल्ली घेऊनच ती बाहेर आली. "ये कौनसे ताले की है, अम्मा?"

"घराची," बाणूबाई कशाबशा म्हणाल्या.

"इत्ती बडी? अंदर नै जाती ये."

बाणूबाईंनी रिकामी मूठ पुन्हा आवळली. आता चक्कर इथंच, ह्या चकचकीत फरशीवर, जावयाच्या पुढ्यात!

जावयानं पुढं होऊन त्यांचा दंड धरला. "चावी दे दो, बाई. इनकू मिरगी है."

मग सासूकडं न बघता तो हळूच म्हणाला, "भिऊ नका, मामी. तुमच्या लेकीच्या उशाखालीबी असलीच किल्ली हाय."