विहारातली सुजाता
विशाखा गोष्टी लिहायची आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढायची. तिच्या प्रत्येक पुस्तकातल्या मुलीला थोरल्या बहिणीचा चेहरा असायचा. ती बहीण सोळाव्या वर्षी वीटभट्टीवर कामाला गेली ती परतलीच नाही. घरात तिचा फोटोही नव्हता. यंदा दिघोरीच्या विहाराची भिंत रंगवायला गावाने विशाखाला बोलावलं. तिने बुद्धाला खीर देणारी सुजाता काढली. चेहरा तोच. संध्याकाळी माय काठी टेकत बघायला आली. “ओळखलं काय, माय?” “मी ओळखलं. लोकं कसे ओळखतीन? ती आता साठीले आली असन. केस पांढरे कर. कोणी पाह्यलं असन तं सांगन.” बहीण कुठेतरी म्हातारी होत असेल, हे विशाखाच्या मनात कधी आलंच नव्हतं. तिने काळ्या केसांवर पांढरा रंग चढवला. माय जवळ येऊन म्हणाली, “दात पडले असतीन, तरी हसतानीच काढ.”